कोपा अमेरिका, पालवणकर बंधू आणि १९२० साल

११ जुलै २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच वाजता रिओ दि जानिरोच्या माराकाना मैदानावर अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यात कोपा अमेरिकेचा अंतिम सामना सुरू झाला. दी मारियाच्या एकमेव गोलाने अर्जेंटिना जिंकली आणि लिओनेल मेस्सीला देशाच्या ज्येष्ठ संघाकडून पहिले मोठे विजेतेपद मिळाले. घाटावरच्या कोल्हापुरात अशा सामन्यांच्या दिवसांत ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले असे पेठांचे सरळ दोन तट पडतात. आंबा घाट उतरून आमच्या रत्नागिरीत आले, की फुटबॉलचा हा ज्वर ओसरतो. इथे राज्य क्रिकेटचेच. आजच्या धाग्यात या दोन्ही खेळांची गाठ घालायची आहे. आणि ती ओढूनताणून घालावी लागत नाही, असे मला वाटते. ते वाचून तुम्हीच ठरवा.

विषय आहे कोपा अमेरिकेची पहिली सहा-सात वर्षे. तेव्हा तिला हे नावही नव्हते. ती 'दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा' होती. त्याच वर्षांत मुंबईत क्रिकेटची एक मोठी स्पर्धा गाजत होती. तिथे कोकणातल्या एका गावाचे नाव आडनाव म्हणून मिरवणारे चार भाऊ खेळत होते. दोन्हीकडे एकच पेच उभा राहिला. एखादा संघ संपूर्ण समूहाच्या नावाने मैदानात उतरतो, तेव्हा त्या समूहात कोणाला मोजायचे आणि हे ठरवायचे कोणी?

आधी दक्षिण अमेरिकेकडे जाऊ.

९ जुलै १८१६ रोजी अर्जेंटिनाने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच्या शताब्दीनिमित्त जुलै १९१६ मध्ये ब्यूनोस आयर्सला चार देशांची फुटबॉल स्पर्धा भरली. अर्जेंटिना, उरुग्वे, चिली आणि ब्राझील हे ते चार देश. युरोपात त्या वेळी पहिले महायुद्ध पेटलेले होते. सॉमच्या लढाईला १ जुलैला तोंड फुटले आणि दुसऱ्याच दिवशी इकडे पहिला सामना झाला. स्पर्धा चालू असतानाच, नेमक्या ९ जुलैला, उरुग्वेच्या एक्तोर रिव्हादाव्हिया गोमेस यांच्या पुढाकाराने दक्षिण अमेरिकी फुटबॉल महासंघाची स्थापना झाली. हाच आजचा कॉनमेबोल. युरोपातल्या देशांना असा महासंघ उभारायला १९५४ साल उजाडावे लागले.

२ जुलैच्या पहिल्या सामन्यात उरुग्वेने चिलीचा ४-० असा पराभव केला. दोन गोल होसे पिएन्दिबेनेचे, दोन इसाबेलिनो ग्रादिनचे. ग्रादिन तेव्हा अठरा वर्षांचा होता. मोंटेव्हिडिओत जन्मलेला, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशातला. संघात हुआन देलगादो हा आणखी एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. दुसऱ्या दिवशी चिलीच्या पथकाने तक्रार नोंदवली, की उरुग्वेने दोन 'आफ्रिकन' खेळवले, सबब निकाल रद्द करावा.

या एका शब्दापाशी जरा थांबा. ग्रादिन आणि देलगादो दोघेही उरुग्वेचेच. आफ्रिका त्यांनी पाहिलेलीही नव्हती. त्याच संघात युरोपीय स्थलांतरितांची मुले-नातवंडे होती. त्यांना कोणी 'इटालियन' वा 'स्पॅनिश' म्हणून हरकत घेतली नाही. समुद्रापलीकडून आलेला गोरा माणूस एका पिढीत उरुग्वेचा होतो आणि काळा माणूस चार पिढ्यांनंतरही पाहुणाच राहतो, हा त्या तक्रारीचा खरा आशय. तक्रार टिकली नाही. चिलीने पुढे दिलगिरीही व्यक्त केली. ग्रादिन तीन गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि उरुग्वेने विजेतेपद पटकावले.

(अर्जेंटिना-उरुग्वे हा शेवटचा सामना १६ जुलैला गर्दी मैदानात घुसल्याने पाच मिनिटांतच थांबवावा लागला. चिडलेल्या प्रेक्षकांनी लाकडी सज्जे पेटवून दिले. मग दुसऱ्या दिवशी अवेयानेदा इथल्या दुसऱ्या मैदानावर तो पूर्ण करण्यात आला आणि ०-० असा सुटला. मैदानांवरची हुल्लडबाजी ही आजच्या पिढीची देणगी आहे असे मानणाऱ्यांनी हे टिपून ठेवावे.)

ग्रादिन धावपटूही होता. १९१९ च्या दक्षिण अमेरिकी मैदानी स्पर्धेत त्याने २०० आणि ४०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. पेरूचा कवी हुआन पारा देल रिएगो याने त्याच्यावर कविता लिहिली. उरुग्वेने त्याला आपला मानले असे म्हणता येईल. निदान तो पळत होता तोवर. १९४४ मध्ये तो वारला तेव्हा अत्यंत हलाखीत होता.

आता ब्राझील. आपल्याकडच्या काजूचे हे माहेर. शब्दही तिथल्या तुपी भाषेतला, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेला. या देशात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १३ मे १८८८ रोजी, दोन्ही अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९२ मध्ये, साओ पाउलोत आर्थुर फ्रिडेनराइशचा जन्म झाला. वडील जर्मन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. फुटबॉल तेव्हा इंग्रजी वळणाच्या श्रीमंत क्लबांचा खेळ होता. वडिलांच्या आडनावामुळे त्याला या क्लबांची दारे उघडी झाली. तरी सामन्याआधी तो कुरळे केस चापूनचोपून सरळ करण्यात बराच वेळ घालवी आणि त्यापायी मैदानात सर्वांत शेवटी उतरे, असे सांगितले जाते.

१९१८ ची स्पर्धा रिओला व्हायची होती. पण इन्फ्लुएन्झाची साथ आली (तीच, जिने त्या वर्षी मुंबई इलाख्यातही हाहाकार माजवला) आणि स्पर्धा मे १९१९ वर गेली. ब्राझील आणि उरुग्वे यांचे गुण समान झाल्याने २९ मे रोजी लारांजेइरास मैदानावर निर्णायक सामना झाला. नव्वद मिनिटांत गोल नाही. तीस मिनिटे वाढवली, तरी नाही. पुन्हा तीस मिनिटे वाढवली आणि या दुसऱ्या वाढीव डावाच्या सुरुवातीलाच फ्रिडेनराइशने गोल केला. एकूण १५० मिनिटांचा हा सामना जिंकून ब्राझील पहिल्यांदा खंडाचा विजेता झाला. फ्रिडेनराइशचा बूट रिओतल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानात काचेमागे मांडण्यात आला. कृष्णवर्णीय संगीतकार पिक्सिंगिन्या याच्या 'एक-शून्य' या रचनेचे नाव याच निकालावरून आले आहे.

त्या स्पर्धेला एक काळी किनारही आहे. उरुग्वेचा राखीव गोलरक्षक रोबेर्तो चेरी चिलीविरुद्धच्या सामन्यात जायबंदी झाला. बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हाच्या नियमांत नसल्याने तो तसाच खेळत राहिला आणि ३० मे रोजी रिओतच त्याने प्राण सोडला. त्याच्या कुटुंबीयांसाठी ब्राझील आणि अर्जेंटिना १ जूनला एक मदत-सामना खेळले.

फ्रिडेनराइश राष्ट्रवीर झाला. मग दोनच वर्षांनी त्याच्या वर्णाचे खेळाडू देशाला नकोसे कसे झाले?

१९२० ची स्पर्धा चिलीतल्या व्हिन्या देल मार येथे झाली. तिथे उरुग्वेने ब्राझीलला ६-० असे धुतले. परतीच्या वाटेवर ब्राझीलचा संघ ब्यूनोस आयर्सला एक मैत्रीपूर्ण सामना खेळण्यासाठी थांबला. त्या सुमारास 'क्रीतिका' या तिथल्या वर्तमानपत्राने ब्राझीलच्या खेळाडूंना माकडांच्या रूपात रंगवणारे व्यंगचित्र छापले. संतापलेल्या अनेक खेळाडूंनी मैदानात उतरायला नकार दिला आणि दोन्ही संघांना अपुऱ्या खेळाडूंनिशी कसाबसा सामना उरकावा लागला.

पुढच्या वर्षीची स्पर्धा पुन्हा ब्यूनोस आयर्सलाच होती. अपमानाला उत्तर दोन तऱ्हांनी देता आले असते. अपमान करणाऱ्याला जाब विचारायचा, किंवा ज्यांच्यावरून अपमान झाला त्यांनाच घरी ठेवायचे. ब्राझीलच्या सत्ताधाऱ्यांनी दुसरी वाट धरली. राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांनी १९२१ च्या संघात कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय खेळाडू पाठवू नयेत अशी इच्छा व्यक्त केली, हे त्या वेळी वृत्तपत्रांतून गाजले. लेखी फर्मान होते की तोंडी सूचना, यावर अभ्यासकांत वाद आहे. साओ पाउलो आणि रिओ यांच्या फुटबॉल संघटनांचे भांडणही तेव्हा विकोपाला गेले होते, हे विसरता येत नाही. फ्रिडेनराइश मात्र त्या संघात नव्हता. कृष्णवर्णीय कादंबरीकार लिमा बारेतो याने या निर्णयावर जहरी उपरोधाने लिहिले. त्याला मुळात फुटबॉलच नावडे, तरी लिहिले. अर्जेंटिनाने ती स्पर्धा जिंकली. १९२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याची शताब्दी आली, स्पर्धा घरच्या मैदानावर होती. तेव्हा फ्रिडेनराइश संघात परतला आणि ब्राझील पुन्हा विजेता ठरला. घरी खेळताना चालतो, परदेशी नेताना नको!

आता मुंबईकडे वळू. फरक आधीच सांगून टाकतो. दक्षिण अमेरिकेत संघ राष्ट्रांचे होते, मुंबईत ते धर्मसमूहांचे होते. जिमखाने समूहांचे, म्हणून संघही समूहांचे. युरोपियन विरुद्ध पारशी या जुन्या सामन्यांत १९०७ पासून हिंदू आले, १९१२ पासून मुस्लिम आले आणि स्पर्धा चौरंगी झाली. आपल्या हातात राष्ट्राचा संघ नसताना हिंदू जिमखान्याचा अकरा जणांचा संघ म्हणजे 'आपण', अशी भावना मुंबई-पुण्याच्या हजारो लोकांत होती. त्यामुळे या 'आपण'मध्ये अस्पृश्य ठरवलेला माणूस येतो का, हा प्रश्न थेट त्या मैदानावर आला.

तो आला पालवणकर बाळू यांच्यामुळे. पालवणकर म्हणजे पालवणचे, गाव कोकणातले. कुटुंब चर्मकार समाजातले. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे जन्म धारवाडचा आणि बालपण पुण्याचे. १८९२ च्या सुमारास बाळू पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान राखण्याच्या कामाला लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा गोलंदाजी करायची. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज त्यांच्याच गोलंदाजीवर घासूनपुसून तयार झाला. डावखुऱ्या मंदगती फिरकीत बाळूंचा हात कोणी धरू शकत नसे. बॅट मात्र त्या जाळ्यांत त्यांच्या हाती कोणी दिली नाही. राबण्याचे काम गोलंदाजाचे, मिरवण्याचे फलंदाजाचे. खेळातही वर्णव्यवस्था होतीच.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र सवर्ण खेळाडू आत आणि बाळू बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या फिरकीचा मोठा वाटा होता. मुंबईच्या संघात त्यांना इतरांसोबत पंक्तीला बसू दिले जाते, या गोष्टीची 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने आवर्जून दखल घेतली. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. संघाची कामगिरी एकंदरीत सुमारच होती, बाळूंची नव्हती.

शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही हिंदू संघातून खेळले. विठ्ठल तर अव्वल दर्जाचे फलंदाज. जाळीत बॅट नाकारल्या गेलेल्या माणसाचा भाऊ हिंदू संघाचा आधारस्तंभ फलंदाज व्हावा, याची नोंद करून पुढे जाऊ.

इतके होऊनही बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही. म. दा. पै या सारस्वत कर्णधाराने एका सत्कार समारंभात जाहीरपणे म्हटले होते, की ज्येष्ठता आणि अनुभव पाहता हा मान बाळूंचाच होता. सत्कार झाला, टाळ्या पडल्या, कर्णधार बदलला नाही.

आणि आले १९२० साल. तिकडे ब्यूनोस आयर्समध्ये ते व्यंगचित्र छापले गेले, तेच हे साल. इकडे जानेवारीत डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' सुरू झाले होते, मार्चमध्ये माणगाव परिषद झाली होती आणि डिसेंबरात नागपूर काँग्रेस अस्पृश्यता निवारणाचा उल्लेख असलेला असहकाराचा ठराव करणार होती. त्याच हंगामातल्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाच्या निवड समितीने बाळूंना वगळले. वयाचे कारण पुढे करता येण्यासारखे होते. चाळिशी उलटली होती. पण मुस्लिमांविरुद्धच्या सामन्यासाठी नेतृत्व द्यायची वेळ आली तेव्हा ते विठ्ठलना डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे देण्यात आले. देवधर मोठे खेळाडू होते, यात वादच नाही. विठ्ठल आणि शिवराम यांना जे दिसायचे ते दिसले. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्याला जातीमुळे डावलले जात आहे असे जाहीर निवेदन काढले.

ब्राझीलच्या खेळाडूंनी ऑक्टोबरात ब्यूनोस आयर्सला मैदानात उतरायला नकार दिला. पालवणकर बंधूंनी काही आठवड्यांतच मुंबईत तोच नकार दिला. एकमेकांची नावेही त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. फरक एवढाच, की तिकडे अपमान परक्यांनी केला होता आणि इकडे घरच्यांनी. माझ्या मते पालवणकरांचा नकार अधिक कठीण होता. परक्यावर रागावताना पाठीशी अख्खा देश असतो.

वृत्तपत्रांत वाद पेटला आणि तडजोड झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै कर्णधार झाले, भाऊ परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले. सामन्यात पै मैदान सोडून काही काळ बाहेर बसले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व पालवणकर बाळूंनी केले. पैंचा हेतू स्वच्छ होता, असेच मी मानतो. पण कर्णधाराने बाहेर जाऊन मोकळी केलेली जागा आणि समितीने दिलेला हक्क यांत अंतर आहे, आणि बाळूंच्या वाट्याला शेवटपर्यंत पहिलीच आली.

हक्काचे कर्णधारपद विठ्ठलना मिळाले, १९२३ मध्ये. त्या वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

१९२३ हेच साल रिओच्याही इतिहासात महत्त्वाचे आहे. शहराची साखळी स्पर्धा त्या वर्षी वास्को द गामा या क्लबाने जिंकली. नाव ओळखीचे वाटले ना? गोव्यातल्या शहराला ज्याचे नाव आहे, तोच हा दर्यावर्दी. पोर्तुगीज स्थलांतरितांनी १८९८ मध्ये, त्याच्या भारतयात्रेच्या चारशेव्या वर्षी, रिओत हा क्लब काढला होता. वास्कोच्या संघात कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे कामगार खेळत. श्रीमंत क्लबांना हे विजेतेपद पचले नाही. त्यांनी वेगळी संघटना काढली आणि वास्कोला प्रवेशासाठी अट घातली, की आधी तुमचे बारा खेळाडू काढा. त्यांचे व्यवसाय आणि राहणीमान आमच्या दर्जाला साजेसे नाही, हे कारण! रंगाचा उल्लेख कुठेही नाही. भेदभावाची भाषा किती सभ्य असू शकते याचा हा अस्सल नमुना. ७ एप्रिल १९२४ रोजी क्लबाचे अध्यक्ष होसे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी पत्र लिहून कळवले, की हे बारा जण काढून आम्ही तुमच्यात येणार नाही. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये हे पत्र आजही 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून ओळखले जाते.

मैदानाबाहेरचे पालवणकर बाळू हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, म्हणून इथे दोनच ओळी. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी हरले. ज्या तरुण आंबेडकरांच्या पिढीसाठी बाळू हे आपल्या समाजाचे पहिले सर्वांना ठाऊक असलेले नाव होते, त्याच आंबेडकरांसमोर त्यांनी उभे राहावे, याचा उलगडा एका वाक्यात करण्याचे धाडस मी करणार नाही. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले.

शेवटी दोन पुस्तके. १९४७ मध्ये रिओतले पत्रकार मारिओ फिल्यो यांनी ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रिडेनराइशचे केस, वास्कोचा विजय, बड्या क्लबांचे डावपेच, सगळे त्यात आहे. ब्राझीलच्या समाजेतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. माराकानाचे अधिकृत नावही आज 'पत्रकार मारिओ फिल्यो मैदान' असे आहे. म्हणजे २०२१ चा तो अंतिम सामना त्यांच्याच नावाच्या मैदानावर झाला. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र मुंबईत प्रसिद्ध झाले. मारिओ फिल्यो यांनी जे बाहेरून पाहून लिहिले, ते विठ्ठलनी आतून सोसून लिहिले आहे.

कोणाच्या घरी, शाळेत किंवा गावच्या वाचनालयात या पुस्तकाची प्रत असेल, तर खाली जरूर कळवा. चिपळूण, मंडणगड, रत्नागिरी या भागांतल्या मित्रांना विशेष विनंती आहे. पालवणकर कुटुंबाच्या कोकणातल्या पिढ्यांविषयी वडीलधाऱ्यांकडून काही ऐकले असेल, तर तेही लिहा.